जवाएवढं अंतर

दिल्लीत काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून रिंग रोडने वजिराबादकडे निघालं की उजव्या हाताला यमुना सोबतीला असते. दिसत मात्र नाही. दिसतो तो एक पादचारी पूल आणि त्याच्या कठड्यांना बांधलेल्या पाच रंगांच्या पताका. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. धुरामुळे पांढरी आधी राखाडी होते, मग निळीची पाळी येते. पताका विटल्या, विरल्या, तरी त्यांना कोणी हात लावत नाही. कापडावर छापलेली प्रार्थना वाऱ्याने वाचायची आणि वाचता वाचता झिजवायची, असा तो करारच आहे. तिबेटच्या पठारावर हे काम खिंडीतला वारा करायचा. इथे ते हरियाणा रोडवेजच्या बसगाड्या करतात.

पुलाच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीला नावं बरीच. सरकारी कागदात न्यू अरुणा नगर. तिबेटी लोकांत साम्येलिंग. तिबेटमधला पहिलावहिला मठ साम्येचा, आठव्या शतकातला, त्याची ही आठवण. दिल्लीकरांच्या तोंडी मजनू का टीला आणि कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी नुसतं एमकेटी. हा मजनू लैलेचा नव्हे. देवाचं नाव घेत लोकांना फुकट यमुनापार सोडणारा एक वेडा पीर इथल्या टेकाडावर राहायचा आणि गुरु नानक त्याला भेटले, अशी आख्यायिका आहे. 1783 साली दिल्लीवर चालून आलेल्या बघेलसिंगाने तिथे गुरुद्वारा बांधला. पैलतीराला नेणाऱ्याच्या टेकाडाशी पुढे घर सुटलेली माणसं येऊन राहिली, हा योग कोणी मुद्दाम जुळवलेला नाही. मला मात्र तो आवडतो.

17 मार्च 1959च्या रात्री दलाई लामा ल्हासातून निघाले आणि 31 मार्चला भारताच्या हद्दीत पोचले. त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय उतरली. कितीतरी जण पहाडी रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला लागले. काहींना कर्नाटकात बैलकुप्प्याला जंगल तोडून शेती करायला जमीन मिळाली. 1960च्या दशकात थोडे लोक दिल्लीत यमुनेच्या ह्या पूरपट्ट्यात येऊन टेकले. पत्रे, ताडपत्री, चिखल. पोटासाठी बायका घरी छांग नावाची दारू आंबवून विकायच्या, म्हणून ह्या जागेला ‘छांग टाउन’ म्हणायचे. आता छांगचा धंदा नाही. पत्र्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत, आणि त्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाने भिंतीला पाठ लावायची, मग दुसऱ्याने जायचं.

मी रिंग रोडच्या अलीकडे तिमारपूरला राहते. रस्ता ओलांडला की तिबेट, असं आमचे पाहुणे कौतुकाने म्हणतात. मला ते पटत नाही. रस्ता ओलांडला की तिबेटमधलं पाठीवर घालून आणता आलं तेवढंच भेटतं. आणि पाठीवर येतं काय? पठार येत नाही, याक येत नाहीत, जवाची शेतं येत नाहीत. हाताला लागलेली वळणं येतात.

माझ्या ओळखीच्या एका आमा-ला आहेत. आमा म्हणजे आई, आणि पुढचा ‘ला’ आदराचा, हिंदीतल्या ‘जी’सारखा. ह्या वस्तीत नुसत्या नावाने हाक मारणं उर्मट समजतात. वडीलधारे पा-ला, थोरली बहीण आचा-ला, आजी मो-ला. भाजीवाल्या बिहारी पोरालाही हे पाठ झालेलं आहे. तोही ‘आमा-ला, गोभी ताज़ा है’ असंच ओरडतो. तर ह्या आमा-लांची खोली तिसऱ्या मजल्यावर. एका भिंतीशी लाकडी कपाट, त्यावर बुद्ध, दलाई लामांची तसबीर आणि तसबिरीपुढे ओळीने सात वाट्या. पहाटे उठून तोंड धुतलं की पहिलं काम त्या वाट्यांत पाणी भरायचं. डावीकडून उजवीकडे. पाणी काठोकाठ नाही, काठाच्या खाली जवाच्या दाण्याएवढं. दोन वाट्यांमध्येही अंतर जवाच्या दाण्याएवढंच. संध्याकाळी उलट्या क्रमाने रिकाम्या करायच्या, पुसायच्या, पालथ्या घालायच्या.

अर्पण पाण्याचंच का, तर पाणी फुकट मिळतं; ते देताना मनात कंजुषी येत नाही आणि दिल्याचा ताठाही चढत नाही, असं जुने लोक सांगतात. तिबेटात ते खरंच असणार. दिल्लीत पाणी फुकट नाही आणि मे महिन्यात वेळेवरही नाही. कळशी-बादलीचा हिशेब मांडावा लागतो, पण त्यात ह्या सात वाट्या आधीच धरलेल्या असतात. सांजेला काढलेलं पाणी आमा-ला खिडकीतल्या झेंडूच्या कुंडीत ओततात. त्या झेंडूकडे पाहून मला नेहमी वाटतं, देवाला दिलेलं इतकं सरळ कोणापर्यंत पोचताना क्वचितच दिसतं.

त्याच खिडकीतून समोरच्या घराच्या खिडकीतला टीव्ही स्पष्ट दिसतो. आवाजही ऐकू येतो. मधली हवा जेमतेम हातभर.

वस्तीच्या मधोमध मंदिर आहे आणि मंदिरापुढे थोडा मोकळा चौक. गल्ल्यांत न उतरणारं ऊन इथे येतं, म्हणून म्हातारी माणसंही इथेच येतात. हातात जपमाळ, मण्यांची संख्या आपल्यासारखीच 108, किंवा मुठीत फिरणारं प्रार्थनाचक्र. उजवीकडून प्रदक्षिणा सुरू. ल्हासात जोखांग मंदिराभोवती बारखोर नावाचा अख्खा बाजाररस्ता प्रदक्षिणेचा मार्ग आहे. तिथे एका फेरीत लोणी घ्यायचं, ओळखीच्याशी बोलायचं, भांडण मिटवायचं आणि पुण्यही जोडायचं. इथली फेरी फार छोटी. मग त्या जास्त घालतात. पुरुष कधीकधी ‘शो’ खेळताना दिसतात. जमिनीवर चामड्याची गादी, लाकडी वाटीत दोन फासे, आणि वाटी गादीवर आपटताना हव्या त्या दानासाठी मोठ्याने घातलेली साद. इतक्या शांत स्वभावाची म्हणून गाजलेली माणसं फाशांपुढे एवढी तावातावाने ओरडतात हे पाहून बरं वाटतं.

चहाविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. मीठ आणि लोणी घातलेला तिबेटी चहा लांब लाकडी नळकांड्यात दांड्याने घुसळून करतात. त्या नळकांड्याला दोंगमो म्हणतात. दिल्लीत ते काम मिक्सर करतो आणि लोणी अमूलचं असतं. ‘याकचं लोणी नाही ना मिळत इथे,’ असं मी एकदा सहानुभूतीने म्हणाले, तर आमा-ला खुदकन हसल्या. याक हा नर. दूध देते ती द्री. त्यांच्या दृष्टीने मी बैलाचं लोणी मागत होते. चहाची रीत मात्र नळकांडं गेलं तरी बदललेली नाही. पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचं, यजमानाने ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. पहिला घोट घेतला की प्याला पुन्हा भरतो. दुसऱ्या घोटानंतर पुन्हा. तिबेटी घरात पाहुण्याचा प्याला रिकामा राहणं ही यजमानाची नाचक्की, म्हणून निघायची वेळ झाल्याशिवाय तो संपवायचाच नाही. पुण्याच्या चहाबद्दल जे विनोद करतात ते मी इथे कोणाला सांगितलेले नाहीत. ते कळायला फार प्रस्तावना करावी लागेल.

आणि निरोप. उठलं की जाणाऱ्याला म्हणायचं ‘काले फे’, सावकाश जा. जाणाऱ्याने म्हणायचं ‘काले शू’, सावकाश बसा. मागून रिक्षावाला घंटी बडवत असतो, पुढे मोमोच्या दुकानापुढची रांग हलत नसते, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींना सावकाशीच्या शुभेच्छा देतात.

ह्या वस्तीतल्या शाळेत एका वर्गात पाच-सहा तेन्झिन सहज सापडतील. मुलाचं नाव लामाकडून घ्यायची चाल आहे, आणि दलाई लामा तेन्झिन ग्यात्सो आपल्या नावातलाच ‘तेन्झिन’ पुढे देतात. ज्यांना नाव लवकर हवं ते जन्माच्या वारावरून ठेवतात. रविवारचा निमा, सोमवारचा दावा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारची पासांग. 2021 साली निर्वासित तिबेट्यांनी जगभर मतदान करून आपल्या प्रशासनाचा प्रमुख, सिक्योंग, निवडला, त्यांचं नाव पेन्पा त्सेरिंग. पेन्पा म्हणजे शनिवार. आडनाव बहुतेकांना नसतंच. बापाच्या आणि लेकाच्या नावात अनेकदा एकही शब्द सारखा नसतो, त्यामुळे अर्जातल्या ‘आडनाव’ ह्या चौकटीपुढे घरोघर गोंधळ. आपल्याला आडनावाशिवाय माणूस अर्धवट वाटतो. त्यांना ते ओझं वाटत असावं.

पण ह्या लोकांना खरं पाहायचं तर लोसारच्या आधी पाहावं. लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष. 2025 मध्ये ते 28 फेब्रुवारीला आलं, 2026 मध्ये 18ला. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या एकोणतिसाव्या रात्री घरोघर गुथुक शिजतं. नऊ जिनसांचं दाट सूप, आणि त्यात प्रत्येकासाठी कणकेचा एकेक मोठा गोळा. गोळ्याच्या पोटात काहीतरी लपवलेलं. तो सगळ्यांदेखत फोडायचा. कोळसा निघाला तर तुमचं मन काळं, मिरची निघाली तर तुम्ही बडबडे, पांढरी लोकर निघाली तर मऊ काळजाचे. मला एका वर्षी मिरची निघाली. आमा-लांच्या सुनेने टाळ्या पिटल्या, आणि मला संशय आहे की गोळे वाढण्याचं काम तिच्याकडे होतं ते उगीच नाही. ताटलीत थोडं उष्टं उरवायचं, कणकेच्या तुकड्याने अंगावरून हात फिरवायचा, वर्षभराचं दुखणं त्यात उतरवायचं, आणि ते सगळं एका कणकेच्या बाहुल्यासह पेटत्या चुडीच्या उजेडात घराबाहेर नेऊन टाकायचं. मागे वळून पाहायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री माझी आजी सूप वाजवत अलक्ष्मीला कोपऱ्याकोपऱ्यातून हुसकायची, ते मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आलं. फक्त आजीला घालवून द्यायला अख्खा गावकुसाबाहेरचा माळ होता. इथे गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं आणि रिंग रोडवर गाड्या थांबायची वाट पाहायची.

लोसारच्या सकाळी देव्हाऱ्यापुढे तळलेल्या खाप्स्यांची चळत असते. खाप्से पिठाचे, नाना आकारांचे. सर्वांत मोठ्यांना गाढवाचे कान म्हणतात. शेजारी चेमारची दोन कप्प्यांची लाकडी पेटी, एका कप्प्यात भाजलेल्या जवाचं लोणी लावलेलं पीठ, म्हणजे त्साम्पा, दुसऱ्यात जवाचे दाणे. दारात आलेल्याने दोन्हीतली चिमूट घेऊन तीनदा हवेत उडवायची, उरलेली तोंडात टाकायची आणि ‘ताशी देलेक’ म्हणायचं. पिठाचे कण फरशीवर, बाह्यांवर, चष्म्यावर बसतात. त्या दिवशी बायका ठेवणीतल्या छुपा, म्हणजे पायघोळ तिबेटी झगे, नेसतात, आणि लग्न झालेल्या बाईच्या कमरेला पुढे आडव्या रंगीत पट्ट्यांचं पांगदेन असतं. आधीच्या वर्षी घरात कोणी गेलं असेल तर लोसार नाही. 2008च्या मार्चमध्ये तिबेटात उठाव झाला, माणसं मारली गेली, तेव्हा 2009 साली जगभरच्या तिबेट्यांनी मिळून लोसार साजरं केलं नाही. सुतक अख्ख्या समाजाने पाळलं. त्याच सुमारास बुधवारचं एक व्रत सुरू झालं, ल्हाकार नावाचं. बुधवार हा दलाई लामांचा शुभवार. त्या दिवशी तिबेटी बोलायचं, तिबेटी नेसायचं, तिबेटी खायचं. एरवी जीन्समध्ये दिसणारी मोबाइलच्या दुकानातली मुलगी बुधवारी छुपात दिसते तेव्हा आठवतं की आज बुधवार.

सगळंच आलं नाही. जुन्या तिबेटात काही भागांत भावांची मिळून एकच बायको असायची. कारण अगदी व्यवहारी, शेताची वाटणी होऊ नये. इथे शेतच नाही, तेव्हा ती चालही गळून पडली आणि तिच्यासाठी कोणी हळहळत नाही. मेलेल्याचा देह गिधाडांना देण्याची रीतही डोंगरावर राहिली. दिल्लीत दहन. तसंही भारतातली गिधाडं 1990च्या दशकात डायक्लोफिनॅक ह्या गुरांच्या औषधाने जवळजवळ संपली. मुंबईच्या पारशांना ते दुःख ठाऊक आहे. उरले ते एकोणपन्नास दिवस. तेवढा काळ जीव दोन जन्मांच्या मधे असतो, म्हणून घरात त्याच्यासाठी पाठ चालतात, दिवे लागतात, आणि दर सातव्या दिवशी लामा येतात. देह कुठे गेला ह्यावर तडजोड झाली. एकोणपन्नासचे चाळीस कोणी केले नाहीत.

ह्या निवडीबद्दल मी बरेचदा विचार करते. माणूस घर सोडून पळतो तेव्हा त्याच्या हातून थोर गोष्टी सुटतात आणि बारीक टिकतात. राज्य जातं, आणि दोन वाट्यांमधलं अंतर राहतं. दिल्लीतच लोधी रोडवर तिबेट हाउस आहे, दलाई लामांनी 1965 साली स्थापन केलेलं. तिथल्या संग्रहालयात थांका, म्हणजे कापडावरची धर्मचित्रं, आहेत, मूर्ती आहेत, जुनी भांडी आहेत. मी ते आदराने पाहिलं. पण कुणी दिल्लीला येऊन तिबेट्यांचं जगणं कुठे पाहू म्हणून विचारलं, तर मी आधी ह्या चौकात पाठवते.

अर्थात आता न पाठवताही लोक येतात. शनिवार-रविवारी गल्लीत शिरणं कठीण. मुखर्जी नगरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी आपली लातूर-नांदेडची मुलंसुद्धा घोळक्याने लाफिंग खायला येतात. मुगाच्या सत्त्वाच्या थंड, झणझणीत, गुळगुळीत पट्ट्या. कोरियन कपडे, कॉफीची दुकानं, मोबाइलवर व्हिडिओ. मी नाक मुरडणार होते, पण ह्या गर्दीवर घरं चालतात. वस्तीतली तरुण मुलं कॅनडाला, अमेरिकेला, युरोपात निघाली आहेत. मागे म्हातारी माणसं आणि भाड्याच्या खोल्या. आमा-लांचा मुलगा टोरोंटोहून लोसारला फोनच्या पडद्यावर चेमार उडवतो. मला खटकतं ते एवढंच, की खाणारे बहुतेक जण लाफिंगवाल्या बाईला ‘ओ मोमो’ म्हणून हाक मारतात. जिथे शेजारणीलाही आचा-ला म्हटल्याशिवाय बोलत नाहीत, तिथे हे कानाला लागतं.

आणि कागद. साठ-पासष्ट वर्षं झाली, तिसरी पिढी इथे जन्मली, तरी बहुतेकांच्या हातात परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं आणि ते मुदत संपली की नव्याने करून घ्यावं लागतं. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 ह्या काळात भारतात जन्मलेला प्रत्येकजण कायद्याने भारतीय. पण तिबेट्यांसाठी हे साधं वाक्य दिल्ली उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावं लागलं, नामग्याल डोलकर ह्या तरुणीच्या खटल्यात, डिसेंबर 2010 मध्ये. नागरिक व्हायचं की निर्वासित राहायचं, ह्यावर एकेका घरात दोन मतं आहेत. निर्वासितपण सोडलं तर परत जायचा दावा सोडला, असं जुन्यांना वाटतं. मजनू का टील्याजवळच पाकिस्तानातून आलेल्या हिंदू निर्वासितांची वस्ती आहे. 2019च्या दुरुस्त कायद्यानुसार तिथल्या काहींना 2024 मध्ये नागरिकत्व मिळालं. त्या कायद्यात बौद्धांचंही नाव आहे, पण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या. तिबेट त्यात नाही. एकाच नदीकाठी दोन निर्वासित, आणि दोघांची फाइल वेगळी.

नदीही आपला हक्क सांगून जाते. जुलै 2023 मध्ये यमुना 208.66 मीटरपर्यंत चढली, दिल्लीच्या नोंदीतला सर्वांत मोठा पूर. काश्मिरी गेटजवळच्या मॉनेस्ट्री मार्केटमध्ये पाणी भरलं. तिथली तिबेटी दुकानं गरम कपड्यांची आणि बुटांची.

गरम कपड्यांवरून सांगते, हा विषय दिल्लीत संपत नाही. दिवाळी झाली की तुमच्या-आमच्या गावांत, कुठल्याशा मैदानाच्या कडेला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. माल बहुतेक लुधियानाचा, बराचसा उधारीवर उचललेला. दोन-तीन महिन्यांच्या थंडीवर वर्षाचं भागवायचं. थंडी सरली की उधारी फेडायची आणि लोसारला घरी परतायचं. आपण त्यांना ‘नेपाळी’ म्हणतो, निम्म्या किमतीपासून घासाघीस सुरू करतो आणि त्यांनी घरची ऊब विकायला आणली आहे अशा थाटात स्वेटर उलटसुलट करतो. ह्या वर्षी गेलात तर दुकानातल्या बाईला आचा-ला म्हणा, वयस्क असली तर आमा-ला, आणि भाव करण्याआधी गाव विचारा. नागपूर-भंडाऱ्याकडे असाल तर उत्तर ल्हासा येणार नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावला 1970च्या दशकापासून नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. तिथे भात पिकतो, मुलं शाळेत मराठी ऐकत वाढतात, आणि ती बाई तुम्हाला स्वच्छ मराठीत सांगेल, ‘आमी गोठणगावचे.’